‘साठी बुद्धी नाठी’ हे निदान नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी २१ सप्टेंबरच्या, म्हणजे जागतिक अल्झायमर दिनाच्या आगेमागे मराठी दैनिकांत स्मृतिभ्रंशावर लेख येतात. शब्दकोडी सोडवा, अक्रोड खा, सकाळी फिरायला जा, चार माणसांत राहा. सल्ला वाईट नाही. पण ज्या घरातले आजोबा एकच वीजबिल तिसऱ्यांदा भरायला निघाले आहेत, त्या घराला कोड्यांचा काय उपयोग? त्यांना कळायला हवे असते ते वेगळेच. जायचे कुणाकडे, बरोबर काय न्यायचे, कोणत्या तपासण्या खरोखर लागतात आणि हातात कोणता कागद पडला म्हणजे निदान झाले म्हणायचे? त्यासाठी हे पत्र. लांबले आहे, याची कल्पना आहे. कात्री लावायचीच तर औषधांबद्दलचा भाग तेवढा शाबूत ठेवावा, ही विनंती.

निदान दोन वाक्यांपाशी अडते. पहिले वाक्य घरात उच्चारले जाते: ‘वय झालं, आता व्हायचंच.’ साठी बुद्धी नाठी ही म्हण आपण इतकी गिळली आहे की विसरभोळेपणा पाचव्या वर्षात गेला तरी कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. प्रत्यक्षात, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या माणसांत डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे. आकड्यात मांडायचे तर अंदाजे ८८ लाख माणसे. म्हणजेच साठीपुढच्या शंभरातल्या ९२-९३ जणांची बुद्धी जागेवर आहे. नुसत्या वयाने नाठी होत असती, तर हा आकडा उलटा असता.

दुसरे वाक्य दवाखान्यात ऐकू येते: ‘डिमेन्शिया आहे, ही गोळी सुरू करा.’ हेही निदान नव्हे. केसपेपरवर नुसते ‘डिमेन्शिया’ लिहिणे म्हणजे ‘पोटात दुखते’ एवढे लिहून पेशंटला घरी पाठवणे. स्मरण, भाषा, हिशेब, दिशा, तारतम्य यांत पूर्वीपेक्षा घसरण झाली आणि त्यामुळे रोजचे व्यवहार एकट्याने जमेनासे झाले, की त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. ती कशाने आली, अल्झायमरने की आणखी कशाने, हा प्रश्न उरतोच आणि उपचार ठरतो तो त्या उत्तरावर. घसरण आहे पण व्यवहार अजून सांभाळता येतात, अशी एक मधली पायरीही असते. तिथल्या प्रत्येकाला डिमेन्शिया होतोच असे नाही. काही जण तसेच राहतात, काही सुधारतात. त्यांना सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचे असते, घाईने शिक्का मारायचा नसतो.

डॉक्टरांच्या ओपीडीत दहा-पंधरा मिनिटे मिळतात. तेवढ्यात पेशंट हसतमुखाने ‘मला काही झालेलं नाही, हीच उगाच काळजी करते’ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे निदानाचे निम्मे काम घरीच, एका पानावर करावे लागते. पानाच्या वर वय, शिक्षण, नोकरी, डावखुरे असल्यास तसे, ऐकू व दिसायला कसे, आणि बीपी, शुगर, थायरॉइड, पक्षाघात, डोक्याला मार, दारू, तंबाखू यांच्या नोंदी. मग सर्वात महत्त्वाची ओळ: पहिला बदल कोणता आणि साधारण कधी. महिना आठवत नसेल तर सणाचा आधार घ्यावा. ‘गेल्या वर्षीच्या गणपतीत आरत्यांचं पुस्तक न बघता म्हणत होते, गौरींच्या हिशेबात गोंधळ झाला’ हे ‘बरेच दिवस विसरतात’ यापेक्षा शंभरपट उपयोगी असते. त्यानंतर बदल कसा वाढला ते: हळूहळू, की पायऱ्यापायऱ्यांनी, की अचानक दोन दिवसांत? शेवटी पाच-सहा प्रसंग, आणि तेही कामाच्या भाषेत. मंडईत सुटे मोजता आले का? नेहमीच्या बसने जाऊन घरी नीट परत आले का? फोनवरचा ओटीपी कुणालाही सांगून टाकला का? गोळ्यांचा डबा स्वतः भरतात का? रोजचा चहा करताना क्रम चुकतो का?

चार गोष्टी मात्र घरचे हमखास सांगायच्या विसरतात, कारण त्यांचा स्मरणशक्तीशी संबंध आहे असे वाटतच नाही. झोपेत हातपाय झाडतात, ओरडतात, स्वप्नातली मारामारी प्रत्यक्ष करतात का. खोलीत नसलेली लहान मुले किंवा प्राणी दिसतात का. चाल बदलली आहे का. आणि लघवी कपड्यात होते का. हे कागदावर असलेच पाहिजे. आणि तो कागद पेशंटसमोर मोठ्याने वाचू नये, आत जाण्याआधी डॉक्टरांकडे पोहोचवावा. उभा जन्म घर चालवलेल्या बाईसमोर सुनेने तिच्या चुकांची यादी वाचली, तर पुढच्या वेळी ती दवाखान्यात येणार नाही आणि तिचे बरोबरच असेल.

आता पिशवी. घरात असतील नसतील त्या सगळ्या स्ट्रिपा, बाटल्या, चूर्णे, डोळ्यांचे थेंब, शेजाऱ्यांनी दिलेल्या गोळ्या एका पिशवीत भरून न्याव्यात. नुसती यादी नेऊन भागत नाही, कारण यादीत ‘पित्ताची गोळी’ असते आणि त्या पित्ताच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड असते. हे औषध महिनोन्‌महिने चालू राहिले की हालचाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो, हात थरथरतात आणि पेशंटला पार्किन्सन झाला असे वाटू लागते. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षे चाललेले सिनारिझिन तेच करते. झोपेसाठी अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपाम, लघवी आवरण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन, नसांच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन, थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल, सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन: यातली प्रत्येक गोळी म्हाताऱ्या मेंदूवर झापड आणू शकते आणि दोन-तीन एकत्र आल्या तर माणूस चक्क भ्रमिष्ट दिसतो. गंमत अशी की स्मृतीसाठी दिलेले डोनेपेझिल आणि लघवीसाठी दिलेले ऑक्सिब्युटिनिन एकमेकांच्या नेमके विरुद्ध काम करतात. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिल्यामुळे ती एकाच डब्यात सुखाने नांदत असतात.

हे वाचून कुणी घरच्या घरी गोळ्या बंद करू नयेत. झोपेच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते. काय कमी करायचे, किती आठवड्यांत, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

रक्ततपासण्या फारशा महागड्या नसतात. हिमोग्राम, शुगर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, यकृताच्या चाचण्या, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर एचआयव्ही व सिफिलिसची चाचणी. यात दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता नित्याची आहे, त्यात मधुमेहाचे मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असल्या तर आणखी भर पडते. पण लोक आधी ‘ताकदीची’ पाच इंजेक्शने टोचून घेतात आणि मग चाचणी करतात. इंजेक्शननंतर आकडा आभाळाला टेकतो आणि मूळची कमतरता कधी कळतच नाही. म्हणून आधी रक्त, मग सुई. पातळी २०० पिकोग्रॅमच्या खाली असली तर कमतरता नक्की, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. कमी निघाले म्हणजे कारण सापडलेच, असेही नाही. बी-१२ ची कमतरता आणि अल्झायमर एकाच माणसात शेजारी शेजारी असू शकतात. कमतरता भरून काढावी आणि काही महिन्यांनी स्मृतीची चाचणी पुन्हा करावी. दुसरा घोटाळा टीएसएचचा. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असते आणि त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवावी आणि घेत असल्याचे लॅबमध्ये सांगावे.

सोडियमवर विशेष नजर हवी. बीपीच्या जोडगोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल, त्यात घरच्यांनी जेवणातले मीठ तोडले असेल, तर १३५ च्या वर राहायला हवे ते सोडियम १२० च्या घरात जाते आणि माणूस बरळू लागतो. दोन-चार दिवसांत सुरू झालेला, सकाळी बरा आणि रात्री वाईट असा गोंधळ हा डिमेन्शिया नसून बहुधा डिलिरियम असतो. सोडियम, लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शस्त्रक्रियेनंतरचे दिवस, बद्धकोष्ठ, कशानेही होतो. त्याला न्यूरोलॉजिस्टच्या पुढच्या महिन्यातल्या तारखेची वाट पाहायची नसते, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. आणि रुग्णालयात खाटेवर पडलेल्या माणसाची स्मृतिचाचणी घेऊन त्याला डिमेन्शियाचा शिक्का मारू नये. आजार ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांनी चाचणी घ्यावी.

बाथरूममध्ये पडल्यावर डोक्याला ‘फक्त टेंगूळ’ आले होते, हेही सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कवटीच्या आत रक्त हळूहळू साचते आणि तीन-चार आठवड्यांनी माणूस सुस्त, विसराळू होतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये ते दिसते, बहुतेकदा शस्त्रक्रियेने निघते. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणे आणि मंदावलेली बुद्धी हे त्रिकूट एकत्र दिसले तर मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगल्या आहेत का, ते पाहतात. कण्यातून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून आधीची आणि नंतरची चाल घड्याळ लावून मोजतात. चाल सुधारली तर शंट, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी नळी, बसवण्याचा विचार होतो. घरच्यांनी मोबाइलवर आधीच्या आणि नंतरच्या चालीचे चित्रण केले तर डॉक्टर आशीर्वादच देतील.

प्रत्यक्ष स्मृतिचाचणीबद्दल गैरसमज फार. तिथे चष्मा आणि श्रवणयंत्र घालूनच बसवावे. ऐकू न आलेला प्रश्न चुकला की गुण बुद्धीचे जातात. चाचणी सकाळची घ्यावी. दिवसभर दमलेल्या माणसाला संध्याकाळी साडेसातच्या ओपीडीत शंभरातून सात-सात वजा करायला लावणे अन्यायाचे आहे. १९७५ पासून वापरात असलेली एमएमएसई ही ३० गुणांची चाचणी बहुतेक ठिकाणी घेतात. २४ च्या खाली गेले की शंका धरतात. पण हा आकडा शिक्षणाने हलतो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजींना वाक्य लिहा, आकृती उतरवा म्हटले तर त्या रोगाशिवायच नापास. उलट निवृत्त बँक मॅनेजर २८ गुण मिळवून बाहेर येतो, आणि घरी मात्र त्याच्या मुदतठेवींचा पसारा बायको निस्तरत असते. म्हणून गुणांबरोबर घरच्यांची प्रश्नावली भरून घेणे आवश्यक असते. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आता कसे, असे विचारणारी १६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. ती शिक्षणावर अवलंबून नसते. चाचणी मराठीतून घ्या, असे निःसंकोच सांगावे. ‘आज तारीख काय’ला कुणी ‘वद्य एकादशी’ म्हटले आणि तिथी बरोबर असली, तर सोबत्याने ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

एक चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. कोऱ्या कागदावर घड्याळ काढा, आकडे भरा, अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा, एवढेच. वर्तुळ छान येते. मग बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीने बसतात आणि डावी बाजू रिकामी राहते. किंवा आकडे जागच्या जागी येतात, पण एक काटा ११ वर आणि दुसरा थेट १० वर जातो. कानाने ऐकलेले दोन आकडे हाताने गाठले. ‘दहा मिनिटे’ म्हणजे मोठा काटा २ वर, हे रूपांतर मात्र जमले नाही. दुसरी खूण कागदावर उमटतच नाही: प्रश्न विचारताच पेशंट उत्तराऐवजी मान वळवून बायकोकडे पाहतो. तिने सुचवू नये. सुचवलेल्या उत्तराने गुण वाढतात आणि निदान वर्षभर लांबते. यूट्यूबवर पाहून या चाचण्यांची घरी तयारी करून घेणारेही भेटतात. रक्त देण्याआधी साखर लपवण्यासारखेच ते.

‘अख्खी रामरक्षा घडाघडा म्हणतात, पावकी-निमकी येते, मग कसला डिमेन्शिया?’ हा पुण्यातला लाडका युक्तिवाद. लहानपणी घोकलेले शेवटपर्यंत टिकते. पुसले जाते ते आज सकाळचे. रामरक्षा झाल्यावर नाश्त्याला काय होते ते विचारून पाहावे. उदासीनताही डिमेन्शियाचे सोंग घेते. तिथे पेशंट प्रयत्न न करता ‘माहीत नाही’ म्हणतो आणि स्वतःच्या विसरण्याची तक्रार स्वतःच करतो. अल्झायमरमध्ये तक्रार बहुधा दुसऱ्यांची असते.

एमआरआयबद्दल थोडक्यात. पेसमेकर असल्यास आधी सांगावे, कवळी काढावी, सीडी मागून घ्यावी. रिपोर्टमधले ‘वयानुसार मेंदू आकसला’ हे वाक्य सत्तरीपुढच्या बहुतेकांच्या रिपोर्टात असते, त्यावरून काहीच ठरत नाही. चिठ्ठीवर ‘हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मृतीचा भाग) पाहावा’ असे लिहून घेतले तर रेडिओलॉजिस्ट त्या भागाला ० ते ४ आणि रक्तवाहिन्यांच्या डागांना ० ते ३ असे अंक देऊ शकतात, जे पुढच्या वेळी तुलनेला येतात. पेट स्कॅन सरसकट लागत नाही.

नेमके नाव का हवे, तर एकाचे औषध दुसऱ्याला विष ठरते म्हणून. डिमेन्शियाच्या लेवी बॉडी प्रकारात पेशंटला नसलेली माणसे दिसतात. त्यासाठी कुणी हॅलोपेरिडॉल हे भासांवरचे औषध टोचले तर तो लाकडासारखा ताठरतो, जिवावरही बेतू शकते. हे निदान असेल तर तशी सूचना फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात असावी. फ्रंटोटेम्पोरल प्रकार पासष्टीच्या आतच येऊ शकतो. स्मरण शाबूत, पण माणूस निर्लज्ज, हट्टी, उधळा होतो. घरात भांडणे होतात, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू राहतात, आणि डोनेपेझिलचा त्याला उपयोग नसतो. डोनेपेझिल सुरू करण्याआधी ईसीजी काढलेला बरा, कारण त्याने नाडी मंदावते. रोग ते थांबवत नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगावे.

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासूनच करावी. वीस वर्षे ओळखणाऱ्या माणसाला बदल दिसतो. वय पासष्टच्या आत, आठवड्यांत घसरण, फिट, चालीत बदल यातले काही असेल तर थेट न्यूरोलॉजिस्ट. संशय, भास, उदासी पुढे असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. शिक्षण जास्त आणि गुण चांगले असूनही तक्रार असेल तर न्यूरोसायकॉलॉजिस्टची दोन-तीन तासांची सविस्तर चाचणी, शक्यतो दोन बैठकांत. पैशाची अडचण असेल तर पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन व मानसोपचार विभागांचा केसपेपर काढावा. धर्मादाय रुग्णालयांत आधी वैद्यकीय समाजसेवकाला भेटून सवलत विचारावी, मगच एमआरआयची पावती फाडावी. सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान कार्डावर भिस्त ठेवून बसू नये, ते रुग्णालयात दाखल झाल्यावर चालते, ओपीडीतल्या तपासण्यांना नाही. मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ हे क्रमांक फोनजवळ लिहून ठेवावेत.

शेवटी हातात येणाऱ्या कागदावर पाच गोष्टी हव्यात: डिमेन्शिया आहे की मधली पायरी, संभाव्य कारण, टप्पा, कोणती कारणे तपासून वगळली, पुन्हा कधी दाखवायचे. हा कागद लवकर मिळण्याला कायद्याचेही कारण आहे. मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्र संपते. बँकेचे संयुक्त खाते, नॉमिनीची नोंद, दोन साक्षीदारांसमोरचे मृत्युपत्र ही कामे समज आहे तोवरच होतात, आणि त्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडला तर भावंडांत पुढे कोर्टकचेरी टळते. नंतर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते.

आपल्या दैनिकाकडे मागणी एकच. पुढच्या २१ सप्टेंबरला कोड्यांच्या जागी एक चौकट छापावी: ससून, महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय आणि शहरातली धर्मादाय रुग्णालये यांत स्मृतितपासणी होते का, कोणत्या वारी, किती वाजता, कितव्या मजल्यावर, आणि तिथे लिफ्ट चालू असते का. वार्ताहराने फोन करून नव्हे, प्रत्यक्ष जाऊन पाहावे, आणि जमल्यास चाकाची खुर्ची मागून पाहावी.

आपले,
स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना तपासणीसाठी सोबत करणारे काही स्वयंसेवक, पुणे